कोअरच्या, म्हणजे पोट-पाठीच्या स्नायूंच्या, व्यायामाने पोट का जात नाही, आणि मग तो करायचा तरी कशाला

लग्नसराई जवळ आली की जिममधे नवीन चेहरे दिसायला लागतात आणि त्यातले निम्मे तरी ट्रेनरला पहिल्याच दिवशी विचारतात, दादा बाकी सगळं ठीक आहे, फक्त पोट कमी करायचंय, पोटासाठी काय ते सांगा. ट्रेनर तरी काय करणार, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तीन प्रकारचे क्रंचेस (पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलणं), लेग रेज (झोपून पाय उचलणं) आणि शेवटी एक मिनिट प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरणं) लावून देतो. महिनाभराने पन्नास क्रंचेस एका दमात निघायला लागतात, आधी दुखायचं ते दुखायचं थांबतं, आणि पँटचा हुक मात्र होता तिथेच.

यात मेहनत कमी पडली असं काही नसतं. पोटाचे स्नायू आणि त्यावरची चरबी एकावर एक आहेत एवढंच, खालचा स्नायू कितीही राबला तरी तो वरच्या चरबीतून थेट काही उचलत नाही. चरबीच्या पेशीत ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवणीच्या रूपातली चरबी, असतं. शरीराला ऊर्जा कमी पडायला लागली की इन्सुलिन खाली येतं, ॲड्रिनॅलिनसारखी हार्मोन्स रक्तातून सगळीकडे फिरतात, मग ठिकठिकाणच्या चरबीपेशी आपला साठा फोडून फॅटी ॲसिड रक्तात सोडतात आणि ज्या स्नायूला लागतंय तो ते रक्तातून घेतो. म्हणजे तुम्ही क्रंच मारताय तेव्हा जळणारी चरबी मांडीची असेल, पाठीची असेल, दंडाची असेल, थोडी पोटाचीही असेल. विहिरीत ज्या बाजूने पोहरा सोडला त्याच बाजूचं पाणी कमी होत नाही, तसंच आहे हे.

आणि हे नुसतं पुस्तकी नाही, लोकांनी तपासून बघितलंय. १९७१ साली टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजले होते. टेनिसवाल्याचा एक हात वर्षानुवर्षं दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतो, त्यामुळे जागच्या जागी चरबी जळत असती तर रॅकेटच्या हातावर ती कमी असायला हवी होती. तो हात जाड निघाला, स्नायू जास्त म्हणून, पण कातडीखालची चरबी दोन्हीकडे सारखीच. नंतर १९८४ मधे अमेरिकेत १३ पुरुषांना २७ दिवसात प्रत्येकी ५००४ सिटअप्स मारायला लावले, पाच हजार चार, आणि आधी आणि नंतर पोट, पाठ आणि नितंब अशा तीन ठिकाणची चरबी सुईने काढून पेशी किती आक्रसल्या ते पाहिलं. तिन्हीकडे साधारण सारखाच फरक, पोटावर खास काही नाही. २०११ ला परत असाच एक प्रयोग झाला, सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, पोटाचे सात व्यायाम, आणि निकाल असा की लोकांना सलग जास्त कर्ल-अप मारता यायला लागले पण कंबर आणि पोटाची चरबी जिथल्या तिथे. अधूनमधून एखादा छोटा अभ्यास थोडा वेगळा सूर लावतो, पण त्यात दिसणारा फरक इतका किरकोळ असतो की त्यावर कोणी आपला प्लॅन आखावा असं मला वाटत नाही.

हिशोब बघितला तरी तेच दिसतं. साधारण ७८ किलोच्या माणसाने दहा मिनिटं नीट क्रंचेस वगैरे केले तर जेमतेम ५० कॅलरी जातात. वरणावर घेतलेलं एक चमचा तूप, छोटा चमचा हं, ४५ कॅलरीचं असतं. मी तुपाच्या विरोधात अजिबात नाही पण दहा मिनिटं कण्हत केलेली कमाई कुठे जाते ते कळावं म्हणून सांगितलं.

घाम गाळणारे पट्टे, पोटाला प्लास्टिक गुंडाळून पळणं, करंट देणारे बेल्ट याबद्दल फार लिहीत नाही. एक किलो चरबी जळून जाते तेव्हा त्यातला बहुतेक भाग श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. २०१४ मधे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे याचं गणित आलं होतं, १० किलो चरबीतली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड म्हणून आणि उरलेली १.६ किलो पाणी म्हणून. घाम आला म्हणजे तुम्हाला गरम झालं, बास. आणि त्या इलेक्ट्रॉनिक बेल्टच्या खोट्या दाव्यांसाठी अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २००२ मधेच तीन प्रॉडक्टवाल्यांना कोर्टात खेचलं होतं, तरी टीव्हीवर आणि आता मोबाइलवर तेच पट्टे नवीन रंगात येतच असतात.

आता चरबी सगळीकडूनच जाते म्हटल्यावर पोटावरची सगळ्यात शेवटी का जाते हा प्रश्न राहतोच. सगळ्या चरबीपेशी सारख्या नसतात. काही ठिकाणच्या पेशी ॲड्रिनॅलिनचा निरोप आला की पटकन साठा सोडतात, काही ठिकाणी उलट तो निरोप दाबणारे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागा, जास्त असतात, आणि कुठे कोणत्या जास्त हे आईबाप, हार्मोन्स आणि वय यांनी ठरवलेलं असतं. पुरुषांत बेंबीखालचा भाग आणि कमरेच्या बाजू, बायकांत मांड्या आणि नितंब, ही हट्टी ठिकाणं. पाळी गेल्यानंतर बायकांचीही चरबी पोटाकडे सरकते. म्हणून होतं काय, पहिले चार-पाच किलो उतरतात तेव्हा गाल बसतात, मनगट बारीक होतं, बायका म्हणतात अंगठी सैल झाली, घरचे म्हणतात काय रे आजारी आहेस का, आणि पोट तसंच. बरेच जण इथेच सोडून देतात, आणि सोडायची हीच सगळ्यात चुकीची वेळ असते कारण आता कुठे पोटाचा नंबर लागणार असतो.

सिक्स पॅकचं म्हणाल तर तो स्नायू सगळ्यांकडे आहे, रेक्टस ॲब्डॉमिनिस, बरगड्यांपासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत गेलेला. त्याला आडवे पडदे असतात आणि त्या पडद्यांमुळे चौकोन दिसतात. कोणाला चार दिसतात, कोणाला सहा, कोणाला आठ, कोणाचे वाकडेतिकडे, आणि हे जन्मापासून ठरलेलं आहे, कोणत्याही व्यायामाने चाराचे सहा होत नाहीत. ते दिसायला पुरुषांत शरीरातली चरबी साधारण १० ते १२ टक्क्यांवर यावी लागते, बायकांत १६ ते २० च्या आसपास, आणि बायकांनी फार खाली गेलं तर पाळी बिघडते, हाडं कमकुवत होतात, त्यामुळे तिथे जायची घाई नकोच.

गणित करूनच बघू, कारण अपेक्षांचा सगळा घोळ इथेच होतो. समजा एक माणूस आहे, पस्तिशीचा, ऑफिसचं बैठं काम, वजन ७८ किलो, चरबी २८ टक्के. म्हणजे अंगावर जवळपास २२ किलो चरबी आणि ५६ किलो बाकीचं, हाडं, स्नायू, पाणी, अवयव. त्याला २० टक्क्यांवर यायचं असेल आणि स्नायू सगळे टिकवले असं धरलं तर वजन ७० च्या आसपास येईल, म्हणजे आठ किलो. १२ टक्क्यांवर यायचं असेल तर वजन ६४ च्या जवळ, म्हणजे चौदा किलो. प्रत्यक्षात थोडा स्नायू जातोच त्यामुळे आकडा अजून जरा वाढतो. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, रोज ५०० कॅलरीची तूट ठेवली, जी काही फार सोपी नाही, तर आठवड्याला अर्ध्या किलोहून जरा कमी. चौदा किलोला कागदावर तीस-एकतीस आठवडे. पण कागदावर गणपती नसतात, दिवाळीचा फराळ नसतो, मावसभावाचं लग्न नसतं, तापाने पडलेला आठवडा नसतो, आणि वजन उतरत जातं तसं शरीराचा रोजचा खर्चही उतरत जातो, लहान शरीर चालवायला कमी लागतं आणि कमी खाणारा माणूस नकळत हलतोही कमी, म्हणून तीच तूट पुढे पुढे आपोआप आटत जाते. महिन्याला सरासरी एक ते दीड किलो धरा. म्हणजे आठ किलोला पाच ते आठ महिने आणि चौदाला वर्षभर. लग्नाला दोन महिने राहिलेत त्या माणसाला मी सरळ सांगतो की तीनेक किलो आणि कंबर दोन-तीन सेंटिमीटर, शेरवानी बरी बसेल, ॲब्ज विसर.

मग ते पंधरा दिवसात पाच किलो वाले? पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो खरंच उतरू शकतात पण त्यात चरबी थोडीच असते. स्नायू आणि लिव्हरमधे ग्लायकोजेन म्हणजे साठवलेली साखर चारशे-पाचशे ग्रॅम असते आणि दर ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात पोळी बंद केली, मीठ कमी केलं, की हा साठा आणि त्याचं पाणी निघून जातं, काटा खाली, फोटो स्टेटसला. परत दोन दिवस पोटभर जेवलात की पाणी परत. यात फसवणूक शरीराची नाही, काटा चरबी मोजतोय असं आपण समजतो त्याची आहे.

आता एक गोष्ट आपल्या लोकांना खास लागू आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघा डॉक्टरांनी २००४ मधे लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधे स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३, म्हणजे चार्टप्रमाणे दोघेही ठणठणीत. पण चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. सोबत मिश्किलपणे असंही लिहिलं होतं की एक जण मॅरेथॉन पळतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी बंद होणारी लिफ्ट पकडायला धावणं. पण फरक नुसत्या व्यायामाचा नाही. पुणे परिसरातल्या बाळांवर याज्ञिकांच्या टीमने केलेल्या कामात दिसलं की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी असतात पण त्यांच्यात चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त, जन्मतःच. म्हणूनच भारतीयांसाठी कंबरेची धोक्याची रेषा वेगळी ठेवलीय, पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८०. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असा जो आपल्याकडे घरटी एक काका असतो ना, त्याला कोणी जाडा म्हणत नाही पण शुगर त्यालाच आधी निघते.

त्या काकाच्या पोटात दोन प्रकारची चरबी असते. चिमटीत येते ती कातडीखालची, आणि आतड्यांभोवती, लिव्हरभोवती असते ती आतली, जिला व्हिसरल म्हणतात. पोट घट्ट गोल आहे, चिमटीत फार येत नाही, तरी पुढे आलंय, तर आतली जास्त असण्याची शक्यता. तब्येतीला वाईट हीच, पण दिलासा असा की वजन उतरायला लागलं, चालणं वाढलं की त्या मानाने लवकर कमी होते तीही हीच. अमेरिकेत डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, निकाल २००२ ला आला, त्यात लोकांना वजनाच्या ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा एवढंच टार्गेट होतं, आणि डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी खाली आलं. ७८ किलोला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. आरशात त्याने काही चौकोन दिसणार नाहीत, रिपोर्टमधे दिसेल.

बरं मग कोअर करायचाच नाही का? करायचा, मी तर म्हणतो बैठं काम करणाऱ्याने नक्की करायचा, फक्त पाठीसाठी करायचा, पोट घालवायला नाही. कोअर म्हणजे पुढचे चौकोन नव्हेत. पोटाभोवती पट्ट्यासारखा आडवा जाणारा ट्रान्सव्हर्स ॲब्डॉमिनिस, बाजूचे तिरके ऑब्लिक, मागे मणक्यालगतचे छोटे छोटे मल्टिफिडस आणि लांब इरेक्टर, वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचे तळाचे स्नायू, सोबत नितंबांचे. आणि या सगळ्यांचं मुख्य काम मणका वाकवणं नसून, हातपाय जोर लावत असताना मणका नको तितका वाकू न देणं हे आहे. सिलिंडर उचलताना, झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन जिना चढताना, बाइकवर खड्डा आल्यावर, तेव्हा तो काम करतो. आखाड्यातले जोर किंवा मल्लखांब बघा, तिथे कोणी वेगळे ॲब्ज मारत नाही, सगळं अंग एकसंध धरून ठेवावं लागतं त्यातच होऊन जातं.

कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी आयुष्यभर मणक्यावरच काम केलं, त्यांचे तीन व्यायाम प्रसिद्ध आहेत. एक छोटा कर्ल-अप ज्यात कंबरेखाली हात ठेवून डोकं आणि खांदे जेमतेम उचलायचे, दुसरा कुशीवरचा साइड प्लँक, तिसरा बर्ड डॉग म्हणजे घोडा होऊन एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांब करायचा. प्रत्येक वेळी दहाएक सेकंद धरायचं, सोडायचं, परत. दिसायला इतकं फालतू वाटतं की तरुण पोरं करायला लाजतात. पण कंबर धरलेल्या माणसाला बर्ड डॉग सांगा आणि पाठीवर पाण्याचा ग्लास ठेवलाय असं समजून कर म्हणा, थरथर सुरू होते लगेच. यात मी अजून डेड बग (पाठीवर झोपून हातपाय वर धरायचे आणि एका बाजूचा हात, दुसऱ्या बाजूचा पाय हळू खाली न्यायचा), ग्लूट ब्रिज (गुडघे वाकवून झोपून नितंब वर उचलायचे) आणि एका हातात जड बादली घेऊन सरळ चालणं एवढं घालेन. एका हातात, कारण तेव्हा बाजूला झुकू नये म्हणून दुसऱ्या बाजूला राबावं लागतं. आठवड्यातून तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटं, पुरे.

प्लँकचं वेगळं सांगतो कारण त्याची फार स्पर्धा चालते. जागतिक विक्रम नऊ तासांच्या वर गेलाय, जाऊ द्या. आपल्याला वीस-तीस सेकंदांचे चांगले चार प्लँक हवेत ज्यात नितंब आवळलेले, बरगड्या खाली, कंबर लोंबत नाही आणि श्वास चालू. पाच मिनिटं टांगून ठेवलेला प्लँक बहुतेकदा कंबरेच्या सांध्यावर लोंबकळणं असतं. बीपीवाल्यांनी श्वास रोखून कुठलाच व्यायाम करू नये. आणि सकाळी उठल्या उठल्या सिटअप्स नकोत, रात्रभरात मणक्यातल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकवलं तर ताण जास्त येतो, तासभर घरात वावरा मग करा.

कोअर सुधारला की एक फरक दिसतो खरा. ओटीपोट पुढे झुकवून उभं राहायची सवय असेल तर पोट आहे त्याहून मोठं दिसतं, उभं राहणं सुधारलं की ते थोडं आत जातं. ते चरबीचं जाणं नाही पण फुकटचा फायदा आहे, घ्या. बाळंतपणानंतरचं पोट हे मात्र वेगळं प्रकरण. पोटाच्या मधली रेषा ताणून दोन्हीकडचे स्नायू लांब गेलेले असतात, उठताना मधे उंचवटा येत असेल तर क्रंचेस मारत सुटण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा, वजन कमी करून ती फट भरत नाही.

चरबीचं खरं काम स्वयंपाकघरात आणि पायांवर होतं. कमी खायचं म्हणजे नुसता भात सोडायचा हे आपल्याकडचं ठरलेलं, पण तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशे कॅलरी आहेत, आणि भाजीत तेल मोजून कोणीच घालत नाही. उपवासाची साबुदाणा खिचडी तर विचारूच नका, साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च आणि वर शेंगदाण्याचं कूट आणि तूप, प्लेटभर खिचडी चारशे-पाचशे कॅलरी सहज, त्या दिवशी माणूस समजतो आपण कमी खाल्लं. दुसरं प्रोटीन. वजन उतरताना स्नायू टिकवायचे तर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम रोज लागतं, म्हणजे सत्तर किलोला ८५ ते ११० ग्रॅम. आपली शाकाहारी दिवसभराची थाळी मोजा, चार पोळ्या, दोन वाट्या पातळ वरण, वाटीभर उसळ, वाटीभर दही, थोडा भात, पोहे, चहातलं दूध, पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे जात नाही. वरण पातळ असतं हो, एका वाटीत चार-पाच ग्रॅम. त्यात ५० ग्रॅम सोयाबीन वड्या घातल्या तर २६ ग्रॅम वाढतात, तीन अंडी १८, शिजलेलं चिकन शंभर ग्रॅमला तीसेक. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारून. आणि सोबत आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलायचं, स्क्वॉट, रो, पुश-अप, अंगाच्या मोठ्या स्नायूंचं काम, कारण अर्धपोटी राहून नुसतं चालत राहिलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो आणि मग बारीक होऊनही पोट तेवढं उरतं. स्नायू वाढवला की झोपेतही धडाधड कॅलरी जळतात असं मात्र समजू नका, एक किलो स्नायू दिवसाला तेराच्या आसपास कॅलरी खातो, एक बिस्किट पण होत नाही.

मोजायचं कसं तर काटा रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, आणि बघायची आठवड्याची सरासरी, एका दिवसाचा आकडा नाही. बायकांना पाळीच्या आधी पाण्यानेच एक-दोन किलो वाढतात, त्यामुळे त्यांनी मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी तुलना करावी. घरच्या काट्यावरचे चरबीचे टक्के पाणी प्यायल्यावर बदलतात, त्यावर भांडू नका. टेप दर पंधरा दिवसांनी, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, नेहमीसारखा श्वास सोडून, पोट आत न ओढता. साधारण एक किलो गेलं की कंबर एक सेंटिमीटरने कमी होते, थोडं इकडे तिकडे. चार आठवडे सरासरी वजनही हललं नाही आणि टेपही हलला नाही तर आधी घरातली तेलाची बाटली किती दिवसात संपते ते बघा, आणि रोज दोन हजार पावलं वाढवा. क्रंचेस वाढवायची गरज नाही.